कॉमर्सच्या शेजारचं टेबल

ॲडमिशनच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. खुर्ची टाकायची, फॉर्मचा गठ्ठा समोर ठेवायचा, पंखा आपल्याकडं वळवून घ्यायचा. बाकीचं लोकच आणून देतात. झेरॉक्ससोबत, पासपोर्ट फोटोसोबत, डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीसोबत! मी नऊ वर्षं बसतेय. पहिल्या वर्षी वाटलं, हे लिहून ठेवावं. दुसऱ्या वर्षी ती वहीच हरवली. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असते. आज तुम्ही सापडलात!

आमचं डिग्री कॉलेज बीदर जिल्ह्यात, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. गेटवरच्या चहावाल्याची एक पाटी कन्नड, एक मराठी आणि चहा मागायचा दखनीत. मी तिथं बी.ए.ला जर्नलिझम शिकवते. मुलं वंदना मॅडम म्हणतात, ऑफिसातले लोक वंदनाक्का. डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एच.ओ.डी. हिरेमठ सर. तिसऱ्या शिवम्मा अक्का. त्या खरं तर ऑफिसच्या शिपाई, पण जूनमध्ये आमच्या टेबलाला असतात. सर घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. मराठी एकदम फर्डी. फक्त कुठल्या वस्तूला 'तो' म्हणायचं आणि कुठल्या वस्तूला 'ती', हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.

आमचं टेबल कॉमर्सच्या शेजारी. त्यामुळं आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "कॉमर्स कुठं हाय?"

आता सांगते ते सगळं एकाच वर्षाच्या जूनमधलं. त्या वर्षी प्रिन्सिपलनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि सांगितलं, "पंधरा ॲडमिशन झाले तर विषय चालू. चौदा झाले तर बंद."

बंद म्हणजे सरांची बदली. आणि मी गेस्ट लेक्चरर, म्हणजे मी घरी.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "पंधरा काही मोठी आकडा नाही."

"सर, मागच्या वर्षी अकरा होते."

"तेच म्हणतो. फक्त चार कमी होती!"

* * *

बोहनी केली ती कोहिनूर गावच्या एका शेतकऱ्यानं. डोक्याला रुमाल, सोबत मुलगी भाग्यश्री. मुलगी गप्प, बाप तयारीनिशी आलेला.

"मॅडम, तुमच्यातली पोरं टीव्हीवर येत्यात का?"

मी काही बोलायच्या आत सर पुढं सरसावले. "येतात की! आमचा एक विद्यार्थी रोज येतो. मंत्री बोलतात ना, त्यांच्यासमोर माइक धरून उभा असतो. निळा पट्ट्याचं घड्याळ. तो आमचाच!"

गृहस्थांनी डोळे मिटून आठवून बघितलं. "निळ्या पट्ट्याचं घड्याळ? व्हय व्हय! बघतो की मी रोज. पर त्याचा नुसता हातच दिसतोय."

सर म्हणाले, "तो हात आमच्याच कॉलेजची आहे!"

आता भाग्यश्री बोलली. "अप्पा, मला टीव्हीवर यायचंच न्हाई. मला पेपरात लिव्हायचं हाय."

बाप जरा हिरमुसला. पण पेन घेतलं, सही केली, फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि तिच्याकडं बघून हळूच म्हणाला, "लिव्ही. पर एखाद्या बारीला हात तरी दिसू दे."

* * *

संतपूर आमच्यापासून लांब. औराद तालुका, जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी अश्विनी, बारावीला चांगले मार्क. असं कुणी आलं की सरांच्या अंगात येतं. त्यांनी सिलॅबस उघडला, घसा साफ केला, "बघा, पहिल्या सेमिस्टरला..."

बाई म्हणाल्या, "ते राहू द्या. पोरींचं बाथरूम कुठं हाय?"

शिवम्मा अक्कांनी बोट दाखवलं. बाई गेल्या. दहा मिनिटं झाली, आल्या नाहीत. सर सिलॅबस उघडा धरून बसलेले. मग आल्या, पदरानं हात पुसत. खुर्चीवर बसून म्हणाल्या, "फॉर्म द्या."

सर चकित. "अहो, तुम्ही काही विचारलाच नाही!"

"लातूरला एक कॉलेज बघितलं, काचंचा स्टुडिओ हाय. हैदराबादला एक बघितलं, लिफ्ट हाय. माझी पोर सकाळी धा ते चार कॉलेजात राहणार. तिला पाणी पिताना इचार करावा लागू न्हाई. तुमच्यात नळाला पाणी हाय, दाराला कडी हाय, बादलीला कान हाय. द्या फॉर्म."

त्या बाथरूमची टाकी रोज सकाळी शिवम्मा अक्का भरतात. किती वर्षं भरतात, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

सर उठले, स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. "अक्का, कुंदर्री! बसा! आजपासून एच.ओ.डी. तुम्ही!"

अक्का म्हणाल्या, "बसायला टाइम कुठं हाय सर, वर टाकी सांडायलीय!" आणि पळाल्या.

* * *

एक दिवस एक म्हातारबाबा नातीला घेऊन आले. पांढराशुभ्र सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"जयभीम, मॅडम."

"जयभीम, बाबा. बसा."

"आम्ही खजुरीचे. आळंद तालुका." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून पेपरची तीन कात्रणं काढली आणि पत्ते मांडावेत तशी टेबलावर मांडली. "वाचा."

तिन्ही बातम्या त्यांच्या गावच्या. पहिलीत गावाचं नाव छापलं होतं 'खजूर'. दुसरीत 'कुजुरी'. तिसरीत तर सरळ, 'खजुराहो येथे बुद्ध जयंती उत्साहात'!

मला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीर. "हसू नका. त्या दिवशी पुण्याहून पाव्हण्याचा फोन आला. म्हणला, एवढ्या लांब गेलाव आन् आम्हाला सांगितलं बी न्हाई?"

सर म्हणाले, "बाबा, पेपरवाल्यांना कळवायचं ना!"

"तीन बारी कळवलं. चवथ्या बारीला ठरवलं, आपलीच नात पेपरात घालायची." त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही शीतल. आधी गावाचं नाव नीट करंल. बाकी जगाचं मागून बघू."

मी खूश होऊन स्वतःच फॉर्म भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, गाव. बाबांनी चष्मा लावला, फॉर्मवर वाकले. वाकलेलेच राहिले.

"मॅडम."

"काय बाबा?"

"जु ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ काढलाव." मग नातीकडं वळून म्हणाले, "शीतल, पेन घे. हितूनच सुरू कर."

* * *

आमच्याकडची खरी अडचण भाषेची. महादेव नावाचा मुलगा आला, सोबत आई. आईचा प्रश्न बिनतोड होता. "ह्याची शाळा झाली मराठीत. बारावी झाली कन्नडात. मोबाइल बघतो हिंदीत. ह्यो बातमी कशात लिव्हणार?"

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "टेस्ट घेऊ. महादेव, बस स्टँडवर जा. पंधरा मिनिटं थांब. बघशील ते पाच ओळीत लिहून आण."

पोरगं गेलं. आई टेबलाशी बसून राहिली, बोटात पदर गुंडाळत. अर्ध्या तासानं पोरगं घामाघूम होऊन आलं आणि कागद पुढं केला. सरांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"साडेदहाची बीदर बस बरलिल्ला. लोगां परेशान. एक म्हातारी बाई वेळ विचारायला इन्क्वायरीला गेली. खिडकी क्लोज्ड. कंट्रोलर साहेब जेवायलेत."

कन्नड, दखनी, मराठी, इंग्लिश. सगळं देवनागरीत. आईनं कपाळाला हात लावला. "बगा! मी म्हणलं न्हवतं?"

सरांनी कागद परत पहिल्यापासून वाचला. मग मला म्हणाले, "मॅडम, बारा वर्षं मी शिकवतो. बातमीत आधी काय, मग काय, मग काय. हा पोरगा सगळा बरोबर लिहिली!"

"पण सर, भाषा चार झाल्या," मी म्हटलं.

"भाषा तीन वर्षात शिकवू की. म्हातारी बाई खिडकीपर्यंत गेली, हे कसं शिकवणार?"

आईला अजून खात्री नव्हती. म्हणून शिवम्मा अक्का मध्ये पडल्या. "सर, पर बस खरंच आली न्हाई का?"

महादेव म्हणाला, "न्हाई. अजून बी आली न्हाई."

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. "बरं झालं सांगितलास! मी निघालते."

आई हसली आणि सही करून मोकळी झाली.

* * *

करत करत चौदा झाले. शेवटचे दोन दिवस उरले. आणि सना आली.

सनाला आम्ही आधीपासून ओळखत होतो. तिचे अब्बा कॉलेजजवळच शिलाईचं काम करायचे, ते वारले. घरात ती आणि अम्मी. गल्लीत नळाला पाणी कधी येणार, दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही, कुठल्या रस्त्याला खड्डा खणलाय, हे सना रोज सकाळी सात वाजता गल्लीच्या ग्रुपवर टाकायची. पाचच ओळी. खात्री करून. तिचा मेसेज आल्याशिवाय त्याच गल्लीतल्या शिवम्मा अक्का घागर उचलायच्या नाहीत.

मी मनात पंधरावा आकडा लिहूनसुद्धा टाकला होता.

फॉर्म भरता भरता ती सहज बोलून गेली की हैदराबादच्या एका कॉलेजातही नंबर लागलाय. खाला, म्हणजे मावशी, तिथंच राहते, तिच्या घरापासून चालत जाता येतं.

सरांचा हात थांबला. "तिथं कॅमेरे किती आहेत?"

"बारा, सर. लॅब भी है."

"आमच्याकडे एक आहे. ती पण गॅदरिंगला एकदा पडली. मग इथं कशाला?"

सना खाली बघायला लागली. "अम्मी अकेली हो जाती, सर."

"अम्मीला विचारलीस?"

"नहीं."

सरांनी फॉर्म मिटला आणि तिच्या हातात दिला. "आधी विचारून ये."

मी टेबलाखालून सरांच्या पायाला पाय लावला. काही उपयोग झाला नाही. तासाभरानं सना आली, अम्मीला घेऊन. अम्मी बुरख्यातून सरळ सरांशीच बोलल्या. "मास्टरसाब, मैं इसको कबसे बोलरी, जा बोलके. ये मेरेकू पूछे बगैर मेरी फिकर करती!" आणि त्यांनी पिशवीतून सनाचा हैदराबादचा कागद काढून टेबलावर ठेवला. सनानं तो घरात कुठं लपवून ठेवला होता, ते त्यांना माहीत होतं!

सना गेली. मी त्या दिवशी सरांशी बोलले नाही. संध्याकाळी फाइल बांधताना शेवटी तोंडातून निघालंच. "सर, एक हवा होता. एकच! आणि तुम्ही सगळ्यात हुशार मुलगी घालवलीत."

सर शांतपणे दोरीची गाठ मारत म्हणाले, "मॅडम, ती इथं आली असती तर पहिल्याच वर्षी आपल्यावर बातमी केली असती. पंधरा विद्यार्थी, एक कॅमेरा! आणि खरी असती."

मला राग यायचा तर हसूच आलं. घरी जाताना मात्र रडू आलं.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. दत्ता त्याचं नाव. ॲडमिशन झालेलं होतं, आय-कार्ड गळ्यात होतं.

"मॅडम, एक इचारू का? जर्नलिझममध्ये बातमी कधी सुरू होती?"

मला कळेना. आमचे तास अजून सुरूच झाले नव्हते. "तू कुठं बसतोस?"

"वरच्या मजल्यावर. आठ दिवस झालं. आधी डोंगर झाला, मग नदी सुरू झाली. मला वाटलं, आधी जागा दाखवायलेत, मग तिथं काय झालं ते सांगतील. पर नदी काय संपंना!"

आय-कार्ड बघितलं. विषय, जिऑग्राफी! ऑनलाइन सेंटरवाल्यानं घाईत खालच्या नावावर क्लिक केलं होतं आणि हा गडी आठ दिवस इमानदारीत भूगोलात बसून बातमीची वाट बघत होता.

मी त्याला घेऊन धावतच वर गेले. भूगोलाच्या सरांकडं साठ मुलं. एक मागायचं तर कुठल्या तोंडानं मागायचं?

ते म्हणाले, "न्या मॅडम, आत्ता न्या! काल मी शिकवलं, भीमा नदी सह्याद्रीत उगम पावते. हा उठून विचारतो, 'सर, हे कोण म्हणालं?'"

पंधरा झाले! हिरेमठ सरांनी चहा मागवला. शिवम्मा अक्कांनी कॉमर्सच्या टेबलाकडं बघत बघत, मुद्दाम सावकाश प्याला.

* * *

आमचे तास सुरू झाले. ॲडमिशनची यादी युनिव्हर्सिटीला जायला एक दिवस राहिला होता, तेव्हा एक गृहस्थ टेबलासमोर येऊन उभे राहिले. उंच, अंगावर पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं.

"दत्ताचा बाप. आडत दुकान हाय."

"बसा ना."

बसले नाहीत. "भूगोल करून द्या. परत."

मी समजावून बघितलं. ऑनलाइनवाल्याची चूक होती, मुलाला हेच हवं होतं, वगैरे. ते ऐकून घेत होते.

"चूक न्हाई. मीच सांगितलं होतं त्या ऑनलाइनवाल्याला. भूगोल, बी.एड., मास्तर. पोराला म्हाईत न्हाई."

म्हणजे क्लिक चुकलंच नव्हतं! आणि दत्ता गेला तर आमचे परत चौदा. विषय बदलायला एच.ओ.डी.ची सही लागते, आणि सर वर्गात होते. तसं मी सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

"थांबतो."

उन्हाचं बाहेर कुठं उभं करणार? मी त्यांना वर्गातच मागच्या बाकावर बसवायला घेऊन गेले. दार उघडलं मात्र, सर ओरडले, "आले बघा पाहुणे! मॅडमनी आणलेच!"

झालं होतं असं, की त्या दिवशी मुलाखत कशी घ्यायची हे शिकवायचं होतं. सर सकाळीच मला म्हणाले होते, कुणीतरी अनोळखी माणूस पकडून आणा. मी विसरले होते. सरांनी त्यांना हाताला धरून पुढं खुर्चीवर बसवलं. मी दारातून खुणा करतेय, सरांचं लक्षच नाही. तिसऱ्या बाकावर दत्ताचा चेहरा पांढराफटक पडलेला. आणि ते गृहस्थ, काय मनात आलं कुणास ठाऊक, उठले नाहीत.

सरांनी मुलांना नियम सांगितला. "एकेकानं प्रश्न विचारायचा. उत्तर लिहून घ्यायचं. उत्तर मिळाली नाही, तर लाजायचं नाही. तोच प्रश्न परत विचारायचं."

भाग्यश्रीनं नाव विचारलं. "माणिकराव."

महादेवनं काम विचारलं. "आडत."

"दिवसभर काय करताव?"

"वजन."

वर्ग हसला. माणिकराव हसले नाहीत. शीतलनं गावाचं नाव विचारलं आणि स्पेलिंगसुद्धा विचारून घेतलं. मग अश्विनी उठली. "तुमची शाळा कितवीपर्यंत झाली?"

"नववी."

"पुढं कामून शिकला न्हाईत?"

माणिकरावांनी खिशातली पेनं नीट केली. "दुसरं इचार."

अश्विनी बसली. बाकीच्यांनी आवडती भाजी आणि मोबाइल कुठला, असलं काहीतरी विचारलं. एकेका शब्दात उत्तरं. मग सर म्हणाले, "दत्ता, उठ. तुझा राहिला."

दत्ता उठला. वही छातीशी धरलेली. मी दाराची कडी घट्ट धरून उभी. घरात या दोघांचं बोलणं किती होत असेल, ते दोघांच्या खाली घातलेल्या माना बघूनच कळत होतं.

"मघाचाच प्रश्न हाय," दत्ता म्हणाला. "नववीनंतर शाळा कामून सोडली तुम्ही?"

माणिकरावांनी त्याच्या वहीकडं बघितलं.

"लिव्हायलास का?"

"लिव्हायलोय, अप्पा."

"मग सावकाश सांगतो."